आवर्तनं नकोत, घनमीटर सांगा

पावसाळा संपला की ऑक्टोबरात धरणाधरणांच्या कालवा सल्लागार समित्यांच्या बैठका सुरू होतात. मंत्री, आमदार, अभियंते आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. दोन-तीन तासांच्या वादावादीनंतर निर्णय जाहीर होतो: रब्बीची दोन आवर्तनं, उन्हाळी तीन. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तेवढंच छापून येतं. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला यातून एवढंच समजतं, की पाणी केव्हा तरी सुटणार आहे. आपल्या चारीला किती येणार, कमी आलं तर ते कमी आलं हे कशावरून ठरवायचं आणि दाद कुणाकडे मागायची, याचा पत्ता लागत नाही.

कायद्याची भाषा वेगळी आहे. २००५ साली महाराष्ट्रात पाण्याविषयी दोन कायदे झाले. ‘महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम’ हा एक आणि ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम’ हा दुसरा. पहिल्यानं पाण्याची हक्कदारी, म्हणजे कुणाला किती पाणी वापरायचा हक्क, ठरवण्याची व्यवस्था उभी केली. दुसऱ्यानं ती हक्कदारी पाणी वापर संस्थेच्या, म्हणजे चारीवरच्या शेतकऱ्यांच्या संस्थेच्या, हाती कशी द्यायची ते सांगितलं. दोन्हींचा पाया घनमापन आहे: पाणी मोजून द्यायचं, मापावर पट्टी घ्यायची, आणि पिकं कोणती घ्यायची ते संस्थेवर सोडायचं. वीस वर्षं उलटली तरी राज्याच्या बहुतेक लाभक्षेत्रांत चर्चा आवर्तनांचीच चालते. आवर्तन म्हणजे कालवा चालू राहण्याचे दिवस. त्या दिवसांत चारीतून किती पाणी गेलं, हा आकडा कुठेच बांधलेला नसतो. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ज्या हंगामात संस्थेला घनमीटरमध्ये लेखी कोटा दिला नाही आणि लघुवितरिकेच्या (संस्थेला पाणी देणाऱ्या चारीच्या) मुखाशी तो विभाग आणि संस्था या दोन्ही बाजूंनी मिळून मोजला नाही, त्या हंगामाची पाणीपट्टी आकारण्याचा अधिकार शासनाला नसावा. कायद्यात तशी तरतूद करावी.

ही मागणी टोकाची वाटेल. ती तशी का नाही, हे कळायला हक्काचं स्वरूप आणि त्याचा हिशोब दोन्ही पाहावे लागतात.

कालव्याच्या पाण्यावर शेतकऱ्याची मालकी नसते. १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमानुसार अधिसूचित नदीचं पाणी वापरण्याचा अधिकार शासनाकडे जातो. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात राज्य हे नैसर्गिक संपत्तीचं विश्वस्त असल्याचं सांगितलं. तेव्हा शेतकऱ्याकडे उरतो तो वापराचा हक्क. असा हक्क जमिनीसारखा कोपऱ्याचे दगड रोवून दाखवता येत नाही. तो आकड्यातच असतो. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं नसेल तर मालकी सिद्ध करणं जितकं अवघड, त्याहून घनमीटर न लिहिलेला पाण्याचा हक्क सिद्ध करणं अवघड आहे, कारण पाणी वाहून गेल्यावर मोजायला काही शिल्लकच राहत नाही.

आता हिशोब. एखाद्या मध्यम प्रकल्पात १५ ऑक्टोबरला ४५ दलघमी (दशलक्ष घनमीटर) उपयुक्त साठा आहे असं समजा. पिण्यासाठी आणि उद्योगासाठी ९ राखून ठेवले, बाष्पीभवनाचे ६ वजा केले, तर शेतीसाठी धरणाशी ३० दलघमी उरतात. मुख्य कालवा आणि वितरिकांमधला वहनव्यय (वाटेत मुरणारं आणि गळणारं पाणी) २५ टक्के धरला तर लघुवितरिकांच्या मुखाशी २२.५ दलघमी पोचतील. लाभक्षेत्र ९,००० हेक्टर असेल तर हेक्टरी २,५०० घनमीटर हा रब्बी आणि उन्हाळी मिळून कोटा झाला. ३०० हेक्टरांच्या लघुवितरिकेवरच्या संस्थेचा हक्क मग साडेसात लाख घनमीटर. एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) प्रवाह २४ तास चालला की २,४४७ घनमीटर पाणी जातं. ३ क्युसेकची चारी रोज ७,३४० घनमीटर देईल आणि हा कोटा १०२ दिवसांत पुरा होईल.

हा आकडा ऑक्टोबरातच हातात पडला तर संस्थेची सर्वसाधारण सभा खरं काम करू शकते. शेतचारीतली गळती वजा जाता हेक्टरी २,५०० पैकी १,९०० च्या आसपास घनमीटर प्रत्यक्ष रानात पोचतात. ७५ मिलिमीटरची एक पाळी म्हणजे हेक्टरी ७५० घनमीटर. म्हणजे सगळं रान भिजवायचं तर अडीच पाळ्या. एवढ्यात हरभरा निघतो. गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात, म्हणून गहू निम्म्याहून कमी रानात घ्यावा लागेल. उसाला वर्षाकाठी हेक्टरी वीस हजार घनमीटरच्या वर पाणी लागतं, म्हणजे एक हेक्टर ऊस आठ हेक्टरांचा कोटा खातो. हे गणित सभेत फळ्यावर मांडलं की उसावरचा वाद शिवीगाळीवर जात नाही. ज्याला ऊस लावायचा आहे, त्यानं पाणी कुठून आणणार ते सांगावं. विहिरीतून आणत असेल तर विहिरीची नोंद द्यावी. दोन आवर्तनं मिळणार एवढीच माहिती असलेल्या सभेत ही चर्चा होऊच शकत नाही, कारण दोन आवर्तनांत आपलं किती भिजेल याचा प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो आणि मुखाजवळच्याचा अंदाज नेहमीच मोठा असतो.

कोटा लिहून मिळाला तरी अर्धंच काम होतं. तो मोजायचा कुठे? कायद्याचं उत्तर आहे, संस्थेच्या हद्दीच्या मुखाशी. त्यासाठी चाऱ्यांवर स्टँडिंग वेव्ह किंवा कट-थ्रोट फ्ल्यूम, म्हणजे प्रवाह मोजायची पक्की बांधकामं, असतात. स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूममध्ये पाणी अरुंद गळ्यातून उंबरठ्यावरून जातं. वरच्या बाजूच्या गेजपट्टीवर उंची वाचायची आणि तक्त्यातून प्रवाह काढायचा. साधी सोय आहे, आणि नेमकी इथेच हक्काची सर्वांत जास्त चोरी होते. बहुतेक वेळा ती कुणी जाणूनबुजून करतही नाही.

गळा ३० सेंटिमीटर रुंद आणि उंबरठ्यावर ३० सेंटिमीटर पाणी असेल तर प्रवाह साधारण ८४ लिटर प्रतिसेकंद, म्हणजे जवळपास ३ क्युसेक येतो. हा प्रवाह उंचीच्या दीडव्या घाताच्या प्रमाणात बदलतो. उंचीत दहा टक्के चूक झाली की प्रवाहात पंधरा टक्के होते. गेजपट्टी पुन्हा रंगवताना किंवा बसवताना तिचा शून्य उंबरठ्याच्या ३ सेंटिमीटर खाली गेला, तर पट्टी ३० दाखवते, पण उंबरठ्यावर पाणी २७ सेंटिमीटरच असतं. प्रवाह ३ क्युसेक लिहिला जातो, वाहतात अडीच. हंगामभरात ३०० हेक्टरांच्या संस्थेचं एक लाखाच्या वर घनमीटर पाणी कागदावर ‘दिलं’ जातं आणि चारीत येतच नाही. ४४ हेक्टरांचा कोटा गेला. तो कुणाचा जातो हेही ठरलेलं आहे. शेजपाळीचा (क्रमानं पाणी देण्याचा) नियम टेलकडून हेडकडे, म्हणजे चारीच्या शेवटाकडून मुखाकडे, पाणी देण्याचा असला, तरी पाणी कमी पडल्यावर नियम पाळला जात नाही, आणि शेवटची ४४ हेक्टरं कोरडी राहतात.

दुसरा दोष बुडालेल्या फ्ल्यूमचा. खालच्या चारीत गाळ साचला, गवत माजलं किंवा कुणी पाणी चढवायला दगड टाकले, की खालची पातळी वर येते. गळ्यातून उसळून पुढे जाणारी लाट दिसेनाशी होते. गेजवर उंची भरपूर दिसते आणि प्रवाह मात्र मंदावलेला असतो. अशा वेळी तक्ता वापरला तर पाणी आहे त्याहून जास्त भरतं. लाट दिसत नसेल तर त्या दिवसाची नोंद तक्त्यावरून करायची नाही, हा नियम संस्थेनं आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. तिसरा दोष वेळेचा आहे. सकाळी आठला एक नोंद घेतली आणि तीच चोवीस तासांना लावली, तर रात्री वरच्या वितरिकेवर दारं उघडल्यामुळे घटलेला प्रवाह हिशोबात येत नाही. सकाळ, संध्याकाळ आणि मध्यरात्र अशा तीन नोंदी हव्यात, आणि कालवा निरीक्षकाबरोबर संस्थेच्या पाटकऱ्याची सही हवी.

पडताळणी करायला यंत्र लागतंच असं नाही. अस्तरीकरण झालेल्या सरळ भागात ३० मीटर अंतर मोजून खुणा कराव्यात. पाण्यात अर्धवट बुडेल असा लाकडाचा तुकडा मध्यावर सोडून वेळ पाहावा, आणि हे चार-पाचदा करून सरासरी घ्यावी. पृष्ठभागाचा वेग सरासरी वेगापेक्षा जास्त असतो म्हणून त्याला ०.८५ नं गुणावं, मग पाण्याच्या काटछेदाच्या क्षेत्रफळानं गुणावं. हा आकडा फ्ल्यूमच्या आकड्याशी दहा टक्क्यांच्या आत जुळला तर ठीक. नाहीतर उंबरठा आणि गेजचा शून्य पातळीनळीनं तपासावा आणि शाखा अभियंत्याला लेखी कळवावं. आवर्तन चालू असतानाच कळवणं महत्त्वाचं. ते संपल्यावर केलेल्या तक्रारीचा पंचनामा कशाचा करणार?

घनमापनाला विरोध करणारे तीन गोष्टी सांगतात. विभागाकडे माणसं नाहीत, फ्ल्यूम तुटलेले आहेत, आणि शेतकऱ्यांनाच नमुना ७ चा अर्ज भरून वैयक्तिक पाणी घेणं सोपं वाटतं. पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कालवा निरीक्षक, मोजणीदार आणि चौकीदार यांची पदं रिकामी आहेत. पण माणसं नाहीत म्हणूनच मोजणी मुखाशी आणून पुढची वाटणी संस्थेवर सोपवायची, हा तर २००५ च्या कायद्याचा हेतू होता. शेताशेतात जाऊन पिकाखालचं क्षेत्र मोजण्यापेक्षा ३०० हेक्टरांसाठी एक गेज वाचायला फार कमी माणसं लागतात. फ्ल्यूम तुटलेले आहेत, कारण ते दुरुस्त न करताच हस्तांतरणाच्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या.

इथे संस्था स्थापनेचा क्रम सांगायला हवा, कारण बिघाडाची सुरुवात तिथूनच होते. आधी संस्थेचं कार्यक्षेत्र निश्चित होऊन अधिसूचित होतं. मग धारक आणि भोगवटादारांची यादी, मग संचालकांची निवडणूक. संचालक हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांतून यावेत ही कायद्याची अट आहे आणि ती फार मोलाची आहे. त्यानंतर विभाग आणि संस्था मिळून चारीची पायी पाहणी करतात आणि दुरुस्त्यांची यादी करतात. दुरुस्त्या झाल्यावर करारनामा आणि शेवटी हस्तांतरण. प्रत्यक्षात निवडणुकीनंतर थेट करारनाम्यावर उडी मारली जाते. दुरुस्ती ‘निधी आल्यावर’ करायची असं ठरतं, आणि करारनाम्याच्या ज्या परिशिष्टात कोटा लिहायचा ते कोरं राहतं. संस्था कागदावर स्थापन होते, वैयक्तिक पाणीपुरवठा बंद होतो, आणि तिच्या गळ्यात गळकी चारी येते. शेतकऱ्याला नमुना ७ सोपा वाटतो तो या अनुभवामुळे. म्हणून कोऱ्या परिशिष्टावर संचालकांनी सही करू नये. दुरुस्त्यांची यादी, त्यांचा खर्च, पूर्ण करण्याची तारीख आणि फ्ल्यूमच्या पडताळणीची नोंद करारनाम्याला जोडल्याशिवाय हस्तांतरण स्वीकारू नये. घाई विभागाला असते, कारण त्यांना संस्थांची संख्या दाखवायची असते.

नीट चाललेल्या संस्था महाराष्ट्रात आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या तीन संस्थांनी काम सुरू केलं. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राचा त्यामागे आधार होता. ओझर हे कालव्याच्या टेलचं गाव. तिथे पाणी पोचतच नव्हतं, म्हणून मोजून पाणी घेण्याची निकड तिथल्या शेतकऱ्यांना सर्वांत आधी वाटली. त्यांनी कालव्याचं पाणी नाल्यावरच्या बंधाऱ्यांत अडवून विहिरींचं पुनर्भरण केलं आणि विहिरीचं पाणीही हिशोबात धरलं. पुढे सगळा प्रकल्पच संस्थांकडे आला आणि प्रकल्पस्तरीय संस्था उभी राहिली. हा प्रयोग २००५ च्या कायद्याच्या आधीचा आहे. कायद्यानं फक्त त्यातलं शहाणपण उचललं.

पाण्याच्या हक्काला आकडा असला म्हणजे काय होतं, हे गोदावरी खोऱ्यात सर्वांना दिसलं. प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२(६)(ग) नुसार टंचाईची झळ सर्वांना सारखी बसावी म्हणून खोऱ्यातल्या धरणांचे साठे ऑक्टोबरअखेर असे नियंत्रित करायचे, की सगळ्यांतल्या उपलब्ध पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील. त्यासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीनं मराठवाड्यातलं जायकवाडी आणि नदीच्या वरच्या बाजूच्या मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा, पालखेड या समूहांचे तक्ते दिले. जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडण्याचा निकष तिथून आला. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं समन्यायी वाटपाची ही तरतूद उचलून धरली. २०१८ मध्ये ८.९९ आणि २०२३ मध्ये ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वरच्या धरणांतून सोडण्याचे आदेश निघाले. पाणी सोडण्याआधी नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांची दारं काढावी लागतात, काठावरच्या उपशाची वीज तोडावी लागते, आणि तरीही सोडलेल्यापैकी बरंच पाणी वाटेत मुरतं. नाशिक-नगरच्या शेतकऱ्यांचे आक्षेप आहेत आणि त्यातला वहनव्ययाचा आक्षेप वजनदार आहे. पण मराठवाड्याला न्यायालयात उभं राहता आलं ते या टक्केवारीमुळे. वाद आकड्यावर होतो, आकडा बदलून मागता येतो, त्यासाठी दुसरी समिती नेमता येते. हेच न्यायतत्त्व चारीच्या पातळीवर आणलं तर टेलच्या शेतकऱ्यालाही प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्यापुढे आणि तिथून अपिलात प्राधिकरणापुढे ठेवायला काहीतरी हाती येईल. आज त्याच्याकडे ‘पाणी आलं नाही’ एवढं एकच वाक्य असतं आणि विभागाकडे ‘आवर्तन दिलं’ अशी नोंद असते.

मग सरकार आकडा लिहून द्यायला का टाळतं? माणसांच्या टंचाईखेरीज दुसरं कारण आहे आणि ते उघड बोललं पाहिजे. एकदा शेतीचा कोटा घनमीटरमध्ये बांधला की शहराला किंवा उद्योगाला वाढीव पाणी देताना ते कुणाच्या वाट्यातून दिलं हे लगेच दिसतं. २००३ च्या राज्य जलनीतीत उद्योगांना शेतीच्या आधीचं स्थान होतं. २०११ मध्ये ते बदलून पिण्याच्या पाण्यानंतर शेती आणि मग उद्योग असा क्रम झाला. त्याच २०११ साली प्राधिकरणाच्या कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे घेतला गेला, आणि हक्कदारीच्या तरतुदी जिथे ती प्रत्यक्ष निश्चित झाली आहे तेवढ्यापुरत्याच मर्यादित केल्या गेल्या, तेही पूर्वलक्षी प्रभावानं. अप्पर वर्धा धरणाचं पाणी अमरावतीजवळच्या औष्णिक वीज प्रकल्पाला देण्यावरून तेव्हा आंदोलन आणि कोर्टकचेरी चालू होती. या दुरुस्तीमुळे उलटाच परिणाम झाला: ज्या प्रकल्पात कोटा ठरवला नाही, तिथल्या शेतकऱ्याला तो काढून घेतल्याची तक्रारही करता येत नाही. कोटा न ठरवण्यात सरकारचा फायदा आहे. पाणीपट्टीची अट घातल्याशिवाय हे बदलणार नाही असं आम्ही म्हणतो ते म्हणूनच. विभागाचं नुकसान होईल अशी एक तरी गोष्ट कोटा ठरवण्याशी जोडलेली हवी.

१९७६ च्या अधिनियमाचे नियम चार दशकं उलटली तरी झाले नव्हते आणि १९३४ च्या कालवा नियमांवर काम चालत होतं, ही गोष्ट जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांनी वारंवार मांडली आहे. नियम नसलेल्या कायद्यात अधिकाऱ्याला शिक्षा कशाची करणार?

भूजलाचा उल्लेख टाळता येत नाही. १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमापासून जमिनीखालचं पाणी जमीनधारकाचं मानलं जातं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानं विहिरींची नोंदणी आणि ६० मीटरपेक्षा खोल विंधण विहिरींवर निर्बंध आणले. तो लागू झाला २०१४ मध्ये आणि त्याच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये हरकतींसाठी निघाला. लाभक्षेत्रात कालवा पाझरून विहिरी भरतात आणि त्या बहुतेक हेडच्या बाजूला असतात. म्हणजे ज्याला चारीचं पाणी आधी मिळतं त्यालाच पाझराचंही मिळतं. संस्थेच्या हद्दीतल्या विहिरी आणि बोअर कोट्याच्या हिशोबात धरल्याशिवाय हेक्टरी समान वाटप हे समान ठरत नाही. मीटर बसवण्याआधी निदान पंपाची अश्वशक्ती, विजेचे तास आणि भिजणारं क्षेत्र एवढी नोंद संस्थेनं स्वतःच सुरू करावी.

क्षेत्रावर कोटा देण्याला आणखी एक खरा आक्षेप आहे. ज्याची जमीन मोठी, त्याचं पाणी मोठं. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर उभ्या केलेल्या पाणी पंचायतीनं याचं उत्तर दिलं होतं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. २००५ चे कायदे भूमिहीनांपर्यंत गेले नाहीत. ते बदलायला हवेत. मात्र प्राधिकरण अधिनियमात टंचाईसाठी एक तरतूद आजही आहे. पाणी कमी असेल तेव्हा प्रत्येक धारकाला शक्यतो निदान एक एकर भिजेल एवढा कोटा द्यायचा. ती क्वचितच वापरली जाते, आणि वापरायला अवघड अजिबात नाही.

वरच्याच संस्थेत वाईट वर्षी हेक्टरी १,००० घनमीटरच कोटा आला असं धरू. ३०० हेक्टरांना तीन लाख घनमीटर. धारक २५० आहेत. एक एकराला ७५ मिलिमीटरच्या दोन पाळ्या म्हणजे ६०० घनमीटर, शेतचारीची गळती धरून मुखाशी ८००. सर्व धारकांना एकेक एकर पुरवायला दोन लाख घनमीटर लागतील. उरलेलं एक लाख क्षेत्राच्या प्रमाणात वाटायचं. पाच हेक्टरवाल्याला सरळ प्रमाणात ५,००० मिळाले असते. या पद्धतीनं आधी ८०० आणि मग हेक्टरी ३३३ प्रमाणे १,६६७ मिळून सुमारे २,४७० मिळतील. एक एकरवाल्याला सरळ प्रमाणात ४०० मिळाले असते, ते ९३० च्या वर जातील. हा ठराव सर्वसाधारण सभेत ऑक्टोबरच्या आधी, बागांची छाटणी आणि उसाच्या लागणी ठरण्यापूर्वी मंजूर करून घ्यावा लागतो. पाणी सुटल्यावर तो मांडला तर हेडचे धारक गणपूर्तीच होऊ देत नाहीत.